दाजींची दुसरी काठी

पडदा वर गेला असं समजा. समोर कार्बन धाग्याच्या कारखान्यातली लांबच लांब भट्टी, तिच्यात ओळीने शिरणारे शेकडो पांढरेशुभ्र धागे, आणि शेजारी हात मागे बांधून उभे आमचे दाजी, माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. भट्टीत धागा हळूहळू पिवळा होई, मग तपकिरी, मग काळा. पुढच्या भट्टीत हवा नाहीच, नुसता नायट्रोजन. तिथे हजार अंशांवर बाकीचं सगळं उडून जाई, कार्बन तेवढा उरे. पहिल्या भट्टीत घाई केली तर धागा पेटतो. सत्तावीस वर्षं दाजींनी घाई केली नाही. बहीण म्हणे, "लग्नाला होकारही असाच दिला यांनी, मंद आचेवर."

तिचे गुडघे गेले. लाकडी काठी जड होऊ लागली. तेव्हा निवृत्त झालेल्या दाजींनी कारखान्यातून त्या काळ्या धाग्याचं एक टाकाऊ रीळ मागून आणलं. एका नळीवर धागे लावून वर रेझीन, म्हणजे वाळून कडक होणारी राळ, चोपडलं, आणि काळी कुळकुळीत, पिसासारखी हलकी काठी केली. ती मिरवत बहीण म्हणाली, "दादा, एवढ्या वर्षांत पहिला दागिना."

पण धागे सगळे उभे लावले होते. लांबीच्या दिशेने हा धागा पोलादालाही हार जात नाही. आडवा मात्र त्याला रेझीनचाच काय तो आधार. पीळ बसला की अशी काठी चिरते. धाग्यांचे उभे-आडवे थर रचणं दुसऱ्या खात्याचं काम. दाजींना धागा करता येई, रचता येत नव्हता, आणि त्या खात्यातल्या पोरीसोरींना विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं.

तिसऱ्याच आठवड्यात न्हाणीघराच्या दारात बहीण वळली आणि काठी उभी चिरली. खुबा मोडला. अंथरूण धरलं ते सुटलं नाही. चार महिन्यांत ती गेली. जाईपर्यंत सांगत होती, "काठीचं काही नाही हो, पायच घसरला माझा." दाजी ऐकून घेत.

वर्षाने मी दाजींकडे गेलो, तर घरात रेझीनचा वास. त्या खात्यातल्या एका मुलीकडे जाऊन दाजी रोज शिकत होते. नवी काठी त्यांनी माझ्या हातात दिली. आता माझेही गुडघे बोलतात. मी ती धरली, पण भार घातला नाही. त्यांच्या ते लक्षात आलं.

पुढच्याच महिन्यात तेही गेले. काठी दाखवली त्या दिवशी मला दारापर्यंत सोडायला आले होते, तेच शेवटचं बोलणं.

"टेका, दादा. सगळा भार टाका. हिच्यात आडवे थर आहेत."