न खेळताच बाद

शिनोलीच्या थांब्यावर एसटी यायला अवकाश होता. तेवढ्या वेळात आईने मला तीनदा तेच सांगितलं, "पुन्यात कुनाच्या पुढं पुढं करू नको. नव्या मानसानं कडंला ऱ्हावं." आप्पा, म्हणजे माझे वडील, पत्र्याची ट्रंक टपावर चढवत होते. खाली उतरून हात झटकत ते एवढंच म्हणाले, "दिवाळीपस्तोर बघू."

त्याचा अर्थ मला ठाऊक होता. बारावीनंतर मुलगी बाहेर शिकायला पाठवणारं आमच्या वाडीतलं ते पहिलंच घर. भावकीला तोंड द्यायला आप्पांनी मुदत ठेवली होती. दिवाळीपर्यंत मुलीचं बस्तान बसलं तर बसलं, नाहीतर ट्रंक परत आणि स्थळं बघायला सुरुवात.

वाडीतल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या ट्रंक घेऊन बाहेर पडलेल्यांनो, तुम्ही मला नेहमी विचारता की पुण्यात मी टिकले कशी. मी हुशार होते म्हणून टिकले असं सांगायला मला आवडलं असतं. खरी गोष्ट अशी आहे की माझ्यामुळे आमची टीम एक मॅच हरली म्हणून मी टिकले.

आईचा शब्द मी पुण्यात फार मनावर घेतला. मेसमध्ये सगळ्यांचं वाढून झाल्यावर ताट घ्यायचं. वर्गात भिंतीकडेच्या बाकावर बसायचं. नळावर माझ्या मागून आलेली मुलगीही माझ्या आधी बादली भरायची. तोंड उघडलं की "व्हतं" आणि "न्हाई" बाहेर पडायचं आणि मुली हसायच्या, म्हणून तोंडही कमीच उघडायचं.

एकदा मैदानाच्या कडेने जाताना एक बॉल माझ्या पायाशी आला. मी उचलून फेकला, तो मैदान ओलांडून पलीकडच्या जाळीवर आदळला. वरईच्या रानात गोफणीने पाखरं हाकण्यात माझं लहानपण गेलेलं, त्यात मला काही विशेष वाटलं नाही. पण खेळाच्या मॅडमनी मला तिथेच थांबवून नाव विचारलं. आठवड्याभरात मी सॉफ्टबॉलच्या टीममध्ये होते. अर्थात राखीव. राखीव म्हणजे कडेला बसायचं, ते मला छान जमत होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी कॉलेजा-कॉलेजांच्या मॅचेस लागल्या. त्याच सुमाराला गावाकडून निरोप आला: घोडेगावकडचे पाहुणे विचारून गेलेत, आप्पा न्यायला येताहेत, सामान बांधून ठेव. मी बांधून ठेवलं. नाही म्हणायचं कुठल्या तोंडाने, हे मला ठाऊक नव्हतं. निरोपातला दिवस नेमका मॅचचा निघाला. हॉस्टेलवर चौकशी करत आप्पा थेट मैदानावर आले. तांदळाची पिशवी पायांत धरून लिंबाखाली बसले आणि शेजारच्या पोराला विचारून विचारून खेळ समजून घेऊ लागले.

शेवटच्या इनिंगला आम्ही एका रनने मागे होतो. दोघी बेसवर, एक जण आउट. आता नंबर पाचव्या जागेवरच्या सुरेखाचा, आणि नेमका तिचा पाय मुरगळलेला. मॅडमनी अंपायरला माझं नाव दिलं आणि त्या सुरेखाच्या पायाला बर्फ लावायला वळल्या. मी हेल्मेट घालून उभी राहिले आणि मला आमच्या खाचरातली भातलावणी आठवली. लावणीच्या ओळीत नवी बाई कडेला उभी राहते. म्हणजे मी नवी, माझा नंबर सगळ्यात शेवटी. सहाव्या जागेवर तिसऱ्या वर्षाची कविता होती. मी तिला म्हटलं, "ताई, तुम्ही जा आधी." तिला वाटलं, मॅडमनीच बदल केलाय. ती गेली.

आणि कविताने असा बॉल हाणला की दोघी धावत होम बेसवर आल्या, दोन रन झाले. आम्ही जिंकलो. आमच्या मुली नाचायला लागल्या, लिंबाखाली आप्पाही उभे राहिले.

तेवढ्यात समोरच्या टीमची कॅप्टन शांतपणे अंपायरकडे गेली. अंपायरने स्कोअरबुक मागवलं, बोटाने नावं वाचली आणि निकाल दिला. बदली खेळाडू जिच्या जागी येते, तिच्याच नंबरावर खेळते. नंबर माझा होता, मी गेले नाही, म्हणून मी आउट. कविताचा फटका रद्द, धावलेल्या दोघी परत आपापल्या बेसवर. पुढचा बॉल पडून गेला असता तर ही चूक पचली असती, पण तो पडला नव्हता. आणि माझ्यानंतरचा नंबर कविताचाच, तेव्हा तिनेच पुन्हा खेळायचं. या वेळी तिचा झेल घेतला गेला, ती तिसरी आउट. खेळ संपला.

लिंबाखालून खडा आवाज आला, "ओ सायब, ती तर खेळलीच न्हाई. बाद कशी?"

सगळं मैदान हसलं. मला मात्र जमीन दुभंगली तर बरं असं झालं.

मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. मी आप्पांजवळ जाऊन बसले आणि रडत रडत सगळं सांगितलं. लावणीचंही. ते ऐकून आप्पांनी पिशवीची गाठ चाचपली.

"नवी बाई कडंला ऱ्हाती, हे खरं," ते म्हणाले. "पर येखादी लेकराला पाजाया उठून गेली, तर तिच्या जागंवर येनारी कुठं उभी ऱ्हाती?"

"तिच्याच जागेवर."

"मंग? न्हाईतर मधीच रान मोकळं ऱ्हातं. एवढी लावनी केली, आन हे ध्यानात न्हाई आलं?"

"आई म्हणाली होती, पुढं पुढं करू नको."

"पुढं पुढं करू नको म्हनली. आपला नंबर आल्यावर मागं सर, आसं कुनी सांगितलं?"

मग कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "आप्पा, मला न्हाई यायचं. मला शिकायचंय."

आप्पांनी मान हलवली, जणू ते याचीच वाट बघत होते. "मंग हे निरोप आला तवाच सांगायचं ना, येडे. ट्रंक सोड. पावन्यांना सांगतो, पोरीचा नंबर चालू हाय." तांदूळ माझ्या हातात देऊन ते संध्याकाळच्या गाडीने एकटेच परत गेले.

हॉस्टेलवर माझं नाव 'पाचवी' पडलं. बी.ए.ची पदवी हातात आली तरी मी पाचवीच. त्यानंतर मात्र मेसमध्ये, नळावर आणि मैदानात माझा नंबर मी कधी कुणाला दिला नाही.

आता मी इंदूरला एका शाळेत खेळाची टीचर आहे. सकाळी पोह्यांवर शेव लागते, आणि मुलींवर ओरडताना "बेटा, पहले लाइनअप देखो" असंच तोंडात येतं. मॅचच्या आधी मी प्रत्येकीला तिच्या पुढची कोण आणि मागची कोण हे म्हणायला लावते. नियम शिकवताना हेही सांगते की सुरुवातीला खेळलेली मुलगी बाहेर गेली तर एकदा परत येऊ शकते, पण तिच्या जुन्याच नंबरावर.

गेल्या आषाढात चार दिवसांची रजा टाकून वाडीला गेले. खाचरात ओळ लागलेली होती, माझ्या जागेवर वहिनी उभी होती. मी साडी खोचून, रोपांची जुडी घेऊन सवयीने कडेला निघाले. इतक्या वर्षांनी आलेली, मी आता तिथे नवीच.

आईने वाकल्या वाकल्याच विचारलं, "तिकडं कुठं चालली कडंला? तुजी जागा हितं हाय." वहिनी हसत बाजूला सरकली.

बांधावर बसलेले आप्पा म्हणाले, "व्हय बाई, जा लवकर. न्हाईतर कुनीतरी सायबाकडं जाईल."