चौदा एप्रिल, पूर्वेकडून पश्चिमेकडे

सिरील ‘दिवस’ बनवायचा. कॅनडातल्या व्हिटबीच्या त्या वृद्धनिवासात सगळे तसंच म्हणायचे. एका कागदावर १९४४ सालची एक तारीख. त्या तारखेला जगभरच्या युद्धात काय काय घडलं ते तो ब्रेकफास्टनंतर हॉलमध्ये वाचून दाखवायचा. २०१० च्या जानेवारीत त्याने सुरुवात केली होती. ऐकणारी माणसं नव्वदीच्या आसपासची. कालचं जेवण त्यांना आठवत नसे, पण चव्वेचाळीस साल हाताच्या अंतरावर होतं.

कागदाची त्याची एक रीत होती. सूर्य जसा जातो तसं जायचं. आधी पॅसिफिक, मग ब्रह्मदेश, मग रशिया, मग इटली, शेवटी अटलांटिक. कार्यक्रमांची व्यवस्था बघणारी कॅरल, सिरीलसारखीच वसईची, तिच्या दोन अटी होत्या. एक तरी ओळ कॅनडाची हवी, आणि मेलेल्यांचे आकडे नकोत. “अंकल, अजून ओटमील पोटात असतं त्यांच्या,” ती म्हणायची.

सिरील एकाहत्तर वर्षांचा. शेजारच्या ओशावाच्या मोटारींच्या कारखान्यात त्याने तीस वर्षं दारं बसवली. त्याआधी वसई. त्याही आधी मुंबईची गोदी, पण ती त्याची नव्हे, बापाची. बाप तिथे क्रेन चालवायचा. चौदा एप्रिल चव्वेचाळीसला स्फोटकांनी भरलेलं एक जहाज धक्क्यावरच फुटलं. सिरील पाच वर्षांचा होता. पुरायला काही मिळालं नाही. दरवर्षी त्या तारखेला तो बापाच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा करवायचा आणि घरी बसायचा. या वर्षी ती तारीख त्याच्याच कागदावर आली.

“सुट्टी घे,” बायको इझाबेला म्हणाली.

“सगळे दिवस वाचायचे आणि पप्पाचा गाळायचा?”

त्याने वाचला. कोहिमाला वेढा. त्याच्या लगेच खाली मुंबईची ओळ यायला हवी होती, पण हिंमत होईना, म्हणून आधी क्रिमियातल्या रशियन फौजा, इटलीत अडकलेली आघाडी, मग अटलांटिकमध्ये कॅनडाच्या एका युद्धनौकेने ब्रिटिश जहाजाबरोबर जर्मन पाणबुडी बुडवली ती बातमी. टाळ्या पडल्या. कोणीतरी चमचा कपावर वाजवला. सिरीलची रीत पहिल्यांदाच मोडली होती. मग सगळ्यात शेवटी त्याने वाचलं, “मुंबई. दुपारी दोनच्या सुमारास फोर्ट स्टिकीन जहाजाच्या दोन नंबरच्या कोठीत आग दिसली. चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट.”

“थांब,” मागून आवाज आला. “नाव परत वाच.”

डॉरीन. एकोणनव्वद वर्षांची, व्हीलचेअरमध्ये. बोटं सांधेदुखीने आत वळलेली. कप ती दोन्ही तळहातांच्या मध्ये धरायची.

सिरीलने परत वाचलं.

“ते आमचं जहाज,” डॉरीन म्हणाली. “कॅनडातच, प्रिन्स रुपर्टमध्ये बांधलं आम्ही. बेचाळीस साली. पत्रे सांधायचे तापलेले रिव्हेट यायचे ते मी डब्यात झेलायचे. स्टिकीन ही आमच्याकडची नदी आहे, माय डियर.” ती हसत होती. मग तिचं हसू जागच्या जागी थांबलं. “स्फोट म्हणजे? कोणाला लागलं का?”

कॅरलने दारातून ‘नको’ अशी मान हलवली. सिरीलच्या कानात काहीतरी बंद झालं. हे नाव त्याला लहानपणापासून पाठ होतं. ते विलायतेचं असणार, असं घरात सगळ्यांनी धरून चाललेलं. चौतीस वर्षं तो कॅनडात राहत होता, पासपोर्ट इथला होता, आणि ते जहाज इथलं आहे हे त्याला माहीत नव्हतं.

“थोड्या लोकांना,” तो म्हणाला, आणि कागद दुमडून वॉशरूममध्ये गेला. तिथे बराच वेळ नळ चालू ठेवून उभा राहिला.

घरी आल्यावर त्याने इझाबेलाला सांगितलं. मग तिला माहीत नसलेली गोष्टही सांगितली. आई रोज संध्याकाळी रोझरी संपली की शेवटी एक मागणं जोडायची. ‘ज्या हातांनी ते जहाज बांधलं ते हात झडोत.’ फादरनी तिला तंबी दिली तेव्हा ती हळू आवाजात म्हणू लागली. पोरं आमेन म्हणायची. सिरील अकरा वर्षांचा होईपर्यंत आमेन म्हणत होता.

“बेला, डॉरीनची बोटं बघितलीस तू? ईस्टरला तिथे आलीस तेव्हा?”

इझाबेला कांदा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली. “आणि माझे गुडघे कोणी मागून घेतले देवाकडे? म्हातारपण आहे ते. वेडा आहेस का?” मग परत सुरी उचलत ती म्हणाली, “खोटं बोलून आलास तिच्याशी. पप्पाच्या दिवशी.”

“ती मरायला टेकलीय. तिच्या आयुष्यात अभिमानाचं तेवढं एकच आहे.”

“तुझ्या आईने तरी कशावर दिवस काढले? पप्पा वर क्रेनवर होते, आवाज झाला, त्यांना काही कळलंच नाही, संपलं. तेवढ्यावरच ना? ते खरं होतं म्हणून. मिस्सा सातला आहे. मी तुला सहाला तिथे सोडते. सांगून ये.”

डॉरीन खिडकीशी होती. खाली लेक ऑन्टॅरिओ, राखाडी, किनाऱ्याला अजून मळक्या बर्फाचा एक पट्टा.

“मला वाटलंच होतं तू येशील,” ती म्हणाली. “थोडे म्हणजे किती?”

“आठशेच्या वर. काही जण जास्त सांगतात. माझा बाप त्यात होता. त्या धक्क्यावरची क्रेन चालवायचा.”

हीटर तेवढा टकटक करत होता. सिरीलला वाटलं, आता ती रडेल, सॉरी म्हणेल, आणि आपल्याला तिचा हात धरावा लागेल. तो हात.

“रिव्हेट सुटले होते का?” तिने विचारलं.

“काय?”

“पत्रे उघडले का? दोन नंबरच्या कोठीवर मी होते. पुढच्या बाजूला. मला खरं सांग.”

“नाही. कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच कोठीत भरली होती. कापूस पेटला.”

डॉरीनने डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. सुटकेचा. त्या श्वासात त्याचा बाप कुठेच नव्हता. सिरीलला तिचा राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे, तिचा एखादा रिव्हेट सुटला असता तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

“क्रेनवर होता म्हणालास,” ती डोळे न उघडताच म्हणाली. “बिचारा. सगळ्यात आधी त्यालाच दिसला असणार धूर.”

“त्याला काही कळलंच नाही. तो वर होता.”

“वर होता म्हणूनच. आमच्या यार्डात मी क्रेनवाल्याला कॉफी न्यायचे. केबिनमधून कोठीचा तळ दिसतो. आग किती वाजता दिसली म्हणून वाचलंस तू?”

त्याने खिशातला कागद काढला. गरज नव्हती. ती ओळ त्यानेच लिहिली होती, टाइप केली होती, तपासली होती, सकाळी तीस माणसांसमोर वाचली होती. दोन. चार वाजून सहा मिनिटं. हे दोन आकडे त्याने आजवर कधी एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नव्हते. आईनेही नाही. कोणीच नाही.

“दोन तास,” तो म्हणाला.

“धोक्याचा झेंडा असेल ना जहाजावर?”

“नव्हता. शेजारच्या जहाजांवर कामं चालू होती.”

“मग त्याला आत काय भरलंय ते माहीत नसेल,” डॉरीन म्हणाली. “किंवा असेलही. हुकाला माल लटकत असला तर उतरत नाहीत, खाली माणसं असतात. किंवा उतर म्हणून कोणी सांगितलं नसेल. मला नाही माहीत, सिरील.”

“उतरायला किती वेळ लागतो?”

तिने डोळे उघडले. सांगावं की नाही, असा विचार तिने केला, तो त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसला. सकाळी त्याच्याही चेहऱ्यावर तिला तसाच दिसला असणार.

“दोन मिनिटं,” ती म्हणाली. “घाई केली तर त्याहून कमी.”

खाली पार्किंगमध्ये मिस्साला जायला थांबलेल्या इझाबेलाने हॉर्न दिला. मग परत एकदा दिला. सिरील तिथेच बसून राहिला.