आईच्या मांडीतलं लोखंड

आई पडली सोमवारी आणि मला कळलं शनिवारी. मधले पाच दिवस मी अजून कुणालाच माफ केलेले नाहीत.

मी तेव्हा सौंसरला शाळेत शिकवत होते. आई पांढुर्ण्याला धाकट्या भावाकडे असायची. दोन वर्षांपूर्वी तिचा खुबा मोडला, तेव्हा नागपुरात ऑपरेशन करून पोलादी गोळा बसवला होता. त्या गोळ्याची लांब दांडी मांडीच्या हाडात खोल गेलेली. त्यावर ती छान चालत होती. सोमवारी न्हाणीत घसरली. भावाने निरोप दिला तो शनिवारी, बसच्या कंडक्टरजवळ: आईचा पाय दुखून राहिला, सवड झाली तर ये.

सवड! शाळा अर्ध्या दिवसाची होती. दुपारच्या बसने निघाले आणि वहीच्या मागच्या पानावर यादी केली: जुन्या ऑपरेशनचे कागद, एक्स-रे, जीप, गादी, दोन फळ्या, रक्त कोण देणार.

आई खाटेवर होती. पाऊल बाहेरच्या बाजूला पार लवंडलेलं, मांडी सुजून टम्म. आणि त्या मांडीला नस बसवणारा माणूस दोन्ही हातांनी तेल चोळत होता.

"नस चढून आहे, बाई. दोन दिवसांत उतरते."

"उठा," मी म्हटलं. तो उठला नाही, तेव्हा तेलाची वाटी अंगणात भिरकावली.

भाऊ धावत आला. "काय करून राहिली, ताई?"

"हाड मोडलंय तिचं."

"काहून मोडीन? आत लोखंड टाकून आहे. लोखंड मोडते का?"

"एक्स-रे काढला?"

"संत्र्याचा तोडा चालू आहे. ट्रक उभा आहे दारात. अन् तू आल्याबरोबर मास्तरीण होऊन राहिली!"

आई भिंतीकडे बघत म्हणाली, "पहिल्याच दिवशी सांगतलं याले, आतून कडकड वाजते म्हणून."

पाच दिवस ती हे सांगत होती आणि घरात कुणालाही खरं वाटलं नाही, कारण आत लोखंड होतं. मी मागच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढायला लावलं. पायाला फळ्या बांधल्या, आईला दारावर निजवलं, जीपमध्ये घातलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. गोळा जागेवर, दांडी शाबूत. दांडीचं टोक संपतं तिथे हाड तिरकं मोडलेलं.

"पाह्य, लोखंड नाई मोडलं," भाऊ म्हणाला. त्याला बरंच वाटलं होतं!

डॉक्टर वळले. "शेती करता ना? फावड्याचा दांडा कुठे मोडतो?"

"लोखंड संपते तिथंच," तो बोलून गेला आणि खाली बघू लागला. मला कीव आली नाही. दर वर्षी तीन-चार दांडे बदलणारा माणूस!

डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं. हाडाला बाहेरून पोलादी पट्टी लावायची. खालच्या भागात ती स्क्रूने पक्की करता येते. वर हाडाच्या पोकळीत दांडी आहे, तिथे स्क्रू शिरत नाहीत, म्हणून पट्टी आणि हाड मिळून तारा गुंडाळायच्या. पाच दिवसांच्या चोळण्याने हाडाची टोकं एकमेकांवर चढली होती. ती ओढून खाली आणावी लागणार, रक्त जास्त जाणार. एक बाटली भावाने दिली. खरं आहे म्हणून लिहिते.

ऑपरेशन नीट झालं. तीन महिने त्या पायावर भार द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशी भाऊ जीप घेऊन आला आणि आईला म्हणाला, "आता तर डबल लोखंड झालं. आठ दिवसांत उभी करतो तुले."

मी वॉर्डातच ओरडले. नर्स आली, तरी थांबले नाही. आई माझ्याकडे राहील, असं सांगितलं.

"मुलगा असून लेकीच्या घरी? लोक काय म्हणतीन?"

लेकीच्या घरी पाणीही प्यायचं नाही, हा आईचा नेम. माझ्या लग्नानंतर तिने तो एकदाही मोडला नव्हता. त्यामुळे ती त्याचीच बाजू घेणार, हे मी धरून चालले होते.

"जीप सौंसरले घे," आई म्हणाली.

तीन महिन्यांनी एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. पाय बोटभर आखूड राहिला. मी चांभाराकडून एका चपलेचा तळ जाड करून घेतला. आई वॉकर धरून उभी राहिली त्या आठवड्यात भाऊ संत्र्यांची पेटी घेऊन आला. तिचा दंड धरायला पुढे झाला.

"सरक," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारून ओसरीपर्यंत चालत गेली.