जमीन ढकला, सुमनबाई!

“मॅडम, सोडा मला! पडते मी!” सुमनबाई ओरडल्या. त्या अजून पलंगावरच बसलेल्या होत्या.

मी मलकपेठच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. सुमनबाईंचं सुलतान बाजारात साड्यांचं दुकान. बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. एक्स-रे उत्तम. सर्जननी ‘फुल वेट-बेअरिंग’ लिहिलेलं, म्हणजे त्या पायावर पूर्ण भार द्यायला हरकत नाही. पण बाई उभ्या राहायलाच तयार नाहीत. माणूस असं पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पायात रक्ताच्या गाठी होतात. ऑपरेशन चांगलं होऊनही पेशंट हातचा जातो. त्यांची सून रोज विचारायची, “आज उठल्या का?” मी नकारार्थी मान हलवायची.

त्याच सुमारास विजयाक्का खांद्याच्या ट्रीटमेंटला यायच्या. देशासाठी वेटलिफ्टिंग केलेली बाई, आता रिटायर्ड. मी सहज विचारलं, “अक्का, एवढं वजन उचलताना भीती वाटायची?”

“हौ, हर बार,” अक्का त्यांच्या दखनी हिंदीत म्हणाल्या.

“मग उचलायच्या कशा?”

“उठाते नहीं मॅडम. पाँव से जमीन कू ढकेलते. वजन अपने आप ऊपर आता.”

मी ताडकन उठलेच. खुर्चीवरून उठतानाही माणूस हेच करतो! आणि मी मात्र सुमनबाईंना नुसतं “उठा, उठा” म्हणत होते.

सुमनबाईंशी बोलायला विजयाक्का लगेच तयार झाल्या. आमचे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख, मात्र तयार होईनात.

“बाहेरचं माणूस वॉर्डात? पेशंट पडली तर?”

“हात माझाच असेल, सर. कमरेला बेल्ट, पुढे वॉकर. त्या फक्त बोलतील.”

“ठीक. एकदाच.”

विजयाक्का सुमनबाईंसमोर खुर्ची घेऊन बसल्या. “अम्मा, मैं गिरी हूँ. हजारों लोगां के सामने.”

सुमनबाईंनी पहिल्यांदाच डोळे वर केले. “तू? एवढी दांडगी बाई?”

“हौ. वजन का बार हाथ से छूटा. बहुत रोई.”

“मग?”

“फिर पाँव पीछे लिए, साँस भरी, जमीन कू धक्का मारा. तुम भी मारो. मेरे साथ.”

सुमनबाईंनी पाय मागे घेतले. पुढे झुकल्या. मी बेल्ट घट्ट धरला.

“ढकेलो, अम्मा!” विजयाक्कांनी अशी आरोळी ठोकली की सगळा वॉर्ड दचकला. आणि सुमनबाई उठल्या! वॉकरवरची बोटं पांढरी पडली होती, पण उभ्या! शेजारच्या पलंगावरच्या पेशंटनी टाळ्या पिटल्या. सून रडायलाच लागली. मी बेल्ट तसाच घट्ट धरून ठेवला.

एचओडी धावत आले. “कोण ओरडलं? बसवा त्यांना—” मग त्यांनी नीट पाहिलं. “नको, थांबा. आजी, एक पाऊल टाकता?”

सुमनबाईंनी टाकलं. मग दुसरं.

सुमनबाई आता काठी घेऊन दुकानात जातात. विजयाक्कांना एचओडींनी स्वतःच आयकार्ड करून दिलं. दर शनिवारी त्या येतात आणि आमच्या वॉर्डात स्टेडियमसारखा आरडाओरडा होतो. कान किटतात, पण पेशंट उठतात.

मोठ्या खेळाडूला आपण समारंभाला बोलावतो, शाल घालतो, खुर्चीवर बसवतो. बसवू नये. कामाला लावावं.