चाळीसचा बल्ब, शंभरचा बल्ब

विजेनं मला जेवढं छळलं, तेवढं कुणी छळलं नाही. आणि वडिलांचं मुरुडला मोटार रिवाइंडिंगचं दुकान! जळालेल्या मोटारीतली तार उपसायची, नवी भरायची, हाच त्यांचा धंदा.

मी लातूरला नीटच्या क्लासला होते, वरच्या बॅचमध्ये. दर रविवारी टेस्ट. लागोपाठ दोनदा मार्क घसरले की खालच्या बॅचमध्ये रवानगी. एकदा घसरले होते. त्यात हा प्रश्न मानगुटीवर बसला: चाळीस वॅटचा आणि शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडले, तर जास्त कोणता पेटेल? अहो, शंभरचाच ना! घरात तोच भगभगतो. मग पुस्तकात उत्तर उलटं का? दोनशे पोरांत हात वर करायची माझी छाती नव्हती.

शनिवारी घरी आले, तेव्हा पप्पांना विचारलं.

"चाळीसचा," ते मान वर न करता म्हणाले.

दहावी नापास माणूस! माझा चेहरा बघून ते उठले. मोटार तपासायला त्यांच्याकडं अजून जुने पिवळे बल्ब असतात. दोन्ही एकाच तारेत जोडले, बटण दाबलं. चाळीसचा झकास पेटला, शंभरचा नुसता लालसर धुगधुगला.

"करंट दोघायला सारखाच हाय. पण ह्याच्यातली तार बारीक, ती करंटाला लई अडवती. म्हणून तीच जास्त तापती."

डोळ्यांनी बघितलं, तरी डोक्यात गोंधळच.

रविवारी नेमका तोच प्रश्न आला. सांगायला लाज वाटते, मी शंभरचा गोल काळा केला. म्हटलं, मुरुडची लाइन कायम डीम, तिच्यावर काय भरवसा ठेवायचा! पेपरातली वीज चांगली असणार. पुस्तकातही छपाईची चूक असेल. आग लागो माझ्या अकलेला.

संध्याकाळी यादी लागली. एका प्रश्नानं मी खालच्या बॅचमध्ये गेले. तेवढ्यात पप्पांचा फोन.

"आला का आपला प्रश्न?"

"हाव."

"मग? चाळीसच लिहिलं ना?"

"चाळीसच."

फोन तसाच धरून ते गिऱ्हाइकाला म्हणाले, "मी सांगितलेलं पोरीला पेपरात आलं बघा!" मला रडूच फुटलं. तोंडावर हात दाबला.

"ऐक," ते परत फोनवर आले, "येत्या शनिवारी बी ये. दुकान बंद ठेवतो मी. काय अडलं ते समदं विचार."