उत्तरेकडच्या भिंतीवरचा खिळा

ही गोष्ट सांगायचं मी वीसेक वर्षं टाळलं. आधी तो हयात होता म्हणून सांगितली नाही, मग तो गेला म्हणून सांगितली नाही. मध्यंतरी मुलानं विचारलं, "बाबा, तुमचं आणि त्या गादीवाल्या चाचांचं काय बिनसलं होतं?" मी म्हणालो, काही नाही. ते खोटं नव्हतं. त्याच्याकडून काहीच बिनसलेलं नव्हतं.

चंद्रपूरहून घुग्घुसकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. मी तिथल्या हायस्कुलात भूगोल शिकवायचो. दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे, बहुतेक उघडेच. सकाळी घातलेल्या पांढऱ्या शर्टाची कॉलर मधल्या सुट्टीपर्यंत काळी व्हायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पृथ्वी तापते आहे, ऋतू हलताहेत, असं वर्तमानपत्रांत अधूनमधून यायचं. मी ती कात्रणं कापून ठेवायचो आणि ग्रामपंचायतीला निवेदनं द्यायचो. झाडं लावा, ट्रक झाका, उन्हाळ्याचं काही नियोजन करा. अक्षर माझं चांगलं होतं. खाली कार्बन लावून दुसरी प्रत काढायची, तिच्यावर ग्रामसेवकाची पोच घ्यायची आणि फाईलला लावायची. पुढे काहीच व्हायचं नाही. पण खरं सांगायचं तर मला त्या फाईलचंच समाधान होतं. या गावात या विषयाचा जाणकार एकच, ते ती फाईल सांगायची.

तो पिंजारी होता. बाजारात त्याचं गाद्या-रजया भरायचं दुकान होतं. माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठा. शिक्षण चौथीपर्यंत, तेही उर्दू शाळेत. मराठी अक्षरं दुकानांच्या पाट्या वाचून शिकलेला. एका उन्हाळ्यात तो शाळेत आला.

"गुरुजी, गरमी मोजाचं यंत्र असते म्हणते तुमच्याकडं. एखादं जुनंपुरानं पडलं असन त मले द्या ना."

"कशाला हवं, भाऊ?"

"लोकं रजया भराले उशिरा येऊन राह्यले. पहिले दसरा झाला का रांग लागे. आता दिवाळी होऊन जाते तरी कोणी येत नाई. मी म्हणतो थंडी कमी झाली, पोरगं म्हणते तुमचा धंदा बसला. मले पाहाचं हाय, खरं कोण बोलते."

प्रयोगशाळेत लाकडी पट्टी फुटलेला एक थर्मामीटर होता. हेडमास्तरांना विचारून तो मी त्याला दिला. रविवारी स्वतः जाऊन बसवूनही दिला. दुकानावर टिन होतं, पण मागच्या अंगाला विटांची जुनी भिंत होती, तोंड उत्तरेला, वर कडुनिंबाची दाट सावली. तिथे डोळ्यांच्या उंचीवर मी खिळा ठोकला. वर्गात सांगावं तसं सगळं सांगितलं आणि त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहूनही दिलं: ऊन लागू नये, वारा खेळता असावा, टिनापासून दूर असावा, रोज ठरल्या वेळीच पाहावा. खाली सही केली. मला सही करायची सवय होती.

पुढची तीन वर्षं त्यानं ती वही एक दिवस चुकवली नाही. सकाळी एक आकडा, दुपारी एक. शिवाय त्याच्या डोक्यातून निघालेल्या दोन नोंदी. कोनाड्यात रोज तो कापसाचा एक पुंजका ठेवायचा आणि संध्याकाळी लिहायचा: पांढरा, मटमैला, काळा. आणि वर्षाची पहिली रजई भरायला आली की त्या तारखेला गोल करायचा. कापूस ठेवायचं मला सुचलं नव्हतं. माझ्या कोणत्याही पुस्तकात ते नव्हतं.

हळूहळू लोक त्याच्या दुकानात आकडा विचारायला यायला लागले. भाजीवाल्या बाया, ऑटोवाले, खाणीतून पाळी संपवून येणारी माणसं. "चाचा, आज कितीवर गेलं?" माझे विद्यार्थीही जायचे. एकदा वर्गात मी तापमापक फळ्यावर काढत होतो तेव्हा मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, चाचाकडं खराच हाय." सगळे हसले. मीही हसलो. त्या मुलाला सहामाहीत तोंडी परीक्षेचे गुण मी कमी दिले, हेही आज लिहून टाकतो.

बाजारातून येताना मी त्याच्या दुकानासमोरची गल्ली टाळायला लागलो. पण कोपऱ्यावरून मान वळवून पाहायचोच, आज बाकावर किती माणसं बसली आहेत ते.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी वातावरणातल्या वायूंवर बोललो. टिपणं काढून गेलो होतो. अर्ध्यातच लोक चहाला उठले. मग तो उभा राहिला. त्यानं खिशातून कापसाचे दोन पुंजके काढले.

"हा सकाळचा, अन् हा संध्याकाळचा. मी याच्यात हात बी नाई लावला. आपल्या लेकराईची छाती यापेक्षा काही जाड नसते."

एवढंच बोलून तो बसला. चहाला गेलेले परत आले होते. त्याच सभेत ठरलं, एक मेच्या सभेत ठराव आणायचा. बाजाराच्या रस्त्यावरच्या चिंचा तोडू नयेत, ताडपत्रीशिवाय ट्रक गावातून जाऊ देऊ नयेत, मे महिन्यात आठवडी बाजार सकाळी भरवावा. आणि त्याची वही जोडून पंचायतीनं जिल्ह्याला लिहावं, की उन्हाळा वाढतो आहे, काही करा. ती सगळी माझ्याच निवेदनांतली कलमं होती. माझ्या फाईलमधली. पण घरी बायको म्हणाली, "चाचांनी सभा जिंकली हो." जेवण उरकून मी ती फाईल काढून बसलो.

एप्रिलमध्ये तो ठरावाचा मसुदा लिहून घ्यायला माझ्याकडे आला.

"गुरुजी, लिहा तुमी, अन् मांडा बी तुमीच. मी मागं उभा राह्यतो वही धरून."

"ठराव तुमचा आहे, भाऊ. सूचक तुम्हीच व्हा. मी अनुमोदन देतो."

त्याला हा माझा मोठेपणा वाटला. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. माझ्या मनात मात्र एवढंच होतं की कागद वाचताना तो अडखळावा.

एक मेला सभा शाळेच्या व्हरांड्यात होती. वहीच्या आधारानं तो बोलला, अडखळला नाही. सरपंचांना रस्ता रुंद करून हवा होता, त्यासाठी निधीही आला होता. माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, "भाऊ, हे आकडे जिल्ह्याचे साहेब मानतील काऊन? यंत्र कुठी टांगलं तुमी?"

"दुकानाच्या मागं, साहेब."

मागून कुणीतरी ओरडलं, "दुकानावर त टिन हाय! टिनाखाली त अंडं बी उकडते!"

व्हरांडा हसायला लागला. सरपंच माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमी भूगोलाचे. तुमी सांगा."

मी उभा राहिलो. माझ्याकडे अख्ख्या गावाचं लक्ष असं कधीच नव्हतं. मी म्हणालो, "टिनाखाली घेतलेलं तापमान शास्त्रीय मानलं जात नाही."

आणि बसलो.

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. पुढची किती तरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुढचं वाक्य बोलेन याची वाट बघत होता. वही त्याच्या हातात होती आणि अंगठा कव्हरावर. पहिलं पान उघडलं असतं तर माझं अक्षर आणि माझी सही साऱ्या गावानं पाहिली असती. त्यानं अंगठा हलवला नाही. वही छातीशी धरली आणि म्हणाला, "गुरुजी म्हणते त बरोबरच असन."

अनुमोदक कोण, असं ग्रामसेवकानं विचारलं. मी पायाजवळची चप्पल सरळ करत होतो. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब झाला.

त्या दुपारी घरी मी आमरस दोनदा मागून घेतला. तेव्हा मला वाईट वाटलं, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पुढची सभा व्हायच्या आत चिंचा तुटल्या. बाजाराचा रस्ता त्याच्या दुकानाच्या मागूनच जायचा, तो रुंद करताना तिथला कडुनिंबही आखणीत आला. उत्तरेच्या त्या भिंतीवर संध्याकाळचं तिरपं ऊन यायला लागलं आणि समोरच्या डांबराची धग. आता तिथला आकडा खरोखरच कुणी मानला नसता. आठवडाभरानं तो शाळेत आला. थर्मामीटर कापसात गुंडाळलेला होता.

"शाळेची वस्तू होती, गुरुजी. जमा करून घ्या."

"आणि वही, भाऊ?"

"वही हाय घरी. लिहाचं बंद केलं."

पुढच्या मे महिन्यात चिंचेखाली बसणारी भाजीवाली म्हातारी डोक्यावर ओलं पोतं घेऊन भर दुपारी बसली आणि भेंडीच्या ढिगावर कोसळली. ऑटोत घालून तिला चंद्रपूरला नेलं. ती वाचली, पण बाजारात परत बसली नाही. लोक सरपंचांना बोलले, ठेकेदाराला बोलले. मला कुणीच काही बोललं नाही. एक मेला मी काय केलं ते एका माणसाशिवाय कुणालाच कळलं नव्हतं, आणि तो माणूस रस्त्यात भेटला की पहिल्यासारखाच कपाळाला हात लावून सलाम करायचा. त्यानं एकदा शिवी दिली असती तर माझं काम सोपं झालं असतं. कित्येक दिवस मला त्याच्या त्या सलामाचाही हेवा वाटायचा, की हे याला कसं जमतं.

निवृत्त झाल्यावर एका नोव्हेंबरात मी घरातली जुनी रजई काखेत मारली आणि त्याच्या दुकानात गेलो. माफी मागायला. रजई नुसती निमित्ताला. तो खूप खंगला होता, खोकत होता. मागचं दार उघडं होतं आणि त्यातून ती भिंत दिसत होती. खिळा तसाच होता, गंजलेला.

"बसा, गुरुजी. थंडी कुठी राह्यली आता? काऊन भरता रजई?"

वाक्य मी घरून पाठ करून गेलो होतो. त्यानं रजईची शिवण उसवली, जुना कापूस बोटांत धरून पाहिला आणि वर बघितलं. त्याची तीच नजर, त्या दिवशीची, पुढच्या वाक्याची वाट बघणारी.

मी म्हणालो, "कापूस जरा जास्त घाला, भाऊ."

"घालतो," तो म्हणाला.

रजई त्यानं मुलाच्या हाती घरी पाठवली. उन्हाळा लागायच्या आधीच तो गेला. रजई अजून आहे. अंगावर घ्यावी अशी थंडी पडत नाही आणि पडली तरी मी ती घेत नाही.

मी पाठ करून गेलो होतो ते असं होतं: भाऊ, थर्मामीटर टिनाखाली नव्हता. तो कडुनिंबाच्या सावलीत, उत्तरेच्या भिंतीवर होता आणि तुमचे आकडे बरोबर होते. मला ते माहीत होतं, कारण खिळा मीच ठोकला होता. मला तुमचा हेवा वाटला. मला माफ करा.