हरणाऱ्या हेमांगी मॅडम

धरणगावच्या आमच्या शाळेत फिजिक्सची भीती शिकवावी लागत नाही. थोरल्याचा शर्ट धाकट्याला मिळतो, तशी ती घरातूनच अंगावर येते, आणि शर्टापेक्षा जास्त टिकते.

हेमांगी मॅडम तिथे विज्ञान शिकवतात. सूत्र फळ्यावर लिहायच्या आधी त्या पैज लावतात. "बोला, काय होईल?" हरेल त्याने शेंगदाणे आणायचे. मॅडमही पैजेत असतात आणि बऱ्याचदा हरतात. आम्ही बाकीचे मास्तर वर्गात चुकलो की खोकतो. मॅडम शेंगदाणे आणतात.

यंदा दहावीचा निकाल लागल्यावर दिपमाला वडिलांबरोबर सायकलवरून दाखला न्यायला आली. तिला सायन्सला जायचं होतं. वडिलांनी, म्हणजे सुकदेवनानांनी, आर्ट्स ठरवलं होतं.

"पोरगीले फिजिक्स झेपनार नही, मॅडम," नाना म्हणाले. "आमना मोठा पोऱ्या जितेंद्रले इचारा. बारावीमा आडवा पडना. गाव अजून हासस."

मॅडम काही बोलणार, तोच दिपमाला म्हणाली, "मॅडम, जाण्याआधी एक पैज."

तिने सायकल अंगणात उभी केली, एक पेडल अगदी खाली आणलं आणि त्याला दोरी बांधली. "मी हँडल नुसतं सावरते. तुम्ही दोरी मागे ओढायची. सायकल कुठे जाईल?"

मॅडमनी विचार केला. "पेडल मारताना खालचा पाय मागेच जातो. म्हणजे पुढे."

"पुढेच जाई," नानाही म्हणाले. "यामा काय इचारानं शे?"

मॅडमनी दोरी ओढली. सायकल मागे आली.

नानांनी दोरी हिसकावून स्वतः ओढली. सायकल त्यांच्याही अंगावर आली.

"तुला गं कसं कळलं?" मॅडमनी विचारलं.

"शेळीमुळे. तिच्या दोरीत पेडल अडकलं होतं. पण असं का होतं, ते शेळीला माहीत नाही."

"मलाही नाही," म्हणत मॅडम नव्या साडीची पर्वा न करता चाकाशेजारी मातीत बसल्या. त्यांनी पेडलखाली जमिनीवर रेघ मारली. दोघी सायकल इंच इंच मागे घेत राहिल्या. शेवटी दिपमालाच म्हणाली, "सायकलीकडून पाहिलं तर पेडल पुढे जातंय. जमिनीवरून पाहिलं तर मागेच येतंय. सायकल त्याच्यापेक्षा जास्त मागे येते!"

"हे मला सुचलं नसतं," मॅडम म्हणाल्या.

नाना अवघडले. पोरीने बाईंना सगळ्यांसमोर हरवलं, आणि बाई हसताहेत.

"तुम्हीन भी चुकतस?"

"रोज, नाना. चुकल्यावरच तर खरा प्रश्न कळतो."

"आमना जितू चुकना, तं त्याना सरनी त्याले बाकवर उभा करा. मंग त्यानी इचारनंच सोडी दिधं." नानांनी दिपमालाकडे बोट केलं. "आनि ही फेल झायी तं?"

"तर पुन्हा बसेल. मी इथेच आहे."

नानांनी पेडलची दोरी सोडली, गुंडाळून खिशात घातली आणि दिपमालाला म्हणाले, "बस मांगे. मी चालाडस. कॉलेजनं हाफिस बंद व्हई जाई."

"आर्ट्सचं?" तिने विचारलं.

"तुना या पैजास्ना ताप आर्ट्सवालास्ना डोकाले कसाले?" नाना म्हणाले, आणि सायकल फाटकाबाहेर पडली.